बाईसाहेबांची तारांगणावरील स्वारी

हुजूरची आज्ञा जाहली की, त्या रविवारी तारांगणावर काय प्रसंग गुजरला तो आद्यंत लिहोन पाठवावा. त्यास, जे पाहिले, जे ऐकिले आणि जे शेजारणीने जिन्यात थांबवोन सांगितले, ते पदरचे तिखटमीठ बेताचेच घालोन लिहितो.

बाईसाहेब इस्पितळात परिचारिका. सारा आठवडा रात्रपाळीची चौकी राखिली आणि दिवसा घरचा कारभार हाकिला, ऐसियात डोळ्याला डोळा लागला नाही. राज्य नको, दागिना नको, रविवारी निजावे आणि कोणी हाक मारू नये, येवढीच मनीषा. परंतु यजमान, विमा कचेरीतील दावे-तपासनीस, ज्यांस सारी कचेरी हिशोबराव म्हणते, त्यांनी सकाळीच फर्मान काढिले की, सुटीत लोळणे हा कुटुंबाचा ऱ्हास होय. मेव्हण्याने पोरांस समुद्रापार नेले तर खुशाल नेवो, आपण थेट शनीपर्यंत जाऊ, ज्ञानही मिळेल आणि खर्चही बेताचा. मग बाईसाहेबांनी घरीच राहण्याविषयी रदबदली केली, ती नामंजूर जाहली, सबब कुटुंबाचे एकत्र तिकिटावर सूट होती आणि एक असामी कमी पडता ती बुडत होती. मग डबे बाईसाहेबांनी भरिले, बाटल्या बाईसाहेबांनी भरिल्या, आणि हिशोबरावांनी गळ्यात दुर्बीण अडकवोन सेनापतिपद घेतले. छपराखाली दुर्बीण कशास, हे पुसण्याची कोणाची छाती जाहली नाही.

तारांगणाच्या तिकीट-खिडकीपाशी मसलत होऊन सर्वांत स्वस्त खेळ घेतला. तो परमुलखाच्या भाषेत होता, म्हणोनच स्वस्त. त्या भाषेचा घरात कोणास गंध नव्हता. दहा वर्षांच्या लेकीने शंका काढिली, तो हिशोबराव गरजले, "भाषेचं काय घेऊन बसलीस? मी आहे ना सांगायला!"

आत घुमट थंडगार, खुर्च्या मागे कलत्या. दिवे मालवले आणि बाईसाहेबांचा जीव भांड्यात पडला. पापणी मिटते न मिटते तोच यजमानांचे कोपर बरगडीत आले. "अगं, झोपतेस काय? तिकीट काढलंय!" आणि मग हिशोबरावांनी दुभाष्याचे काम ऐसे काही मांडिले की, आकाशवाणी एकीकडे आणि हे भलतीकडे. शनीभोवती लोखंडी कडे बसविले असे, तो निसटू नये म्हणोन. चंद्रावरील खड्डे ठेकेदाराने बुजविले नाहीत. मागील रांगेत एक गृहस्थ ती भाषा जाणणारे निघाले, त्यांस हसू आवरेना, पुढील रांगेस संताप आवरेना, आणि बाईसाहेबांस रडू आवरेना. लेकीने "बाबा, गप्प बसा ना" म्हणोन हात जोडिले, परंतु हिशोबराव सूर्याचे वजन सांगण्यात दंग. अखेर बॅटरीधारी द्वारपाल चालोन आला आणि सेनापतीस दंडास धरोन, दुर्बिणीसुद्धा, घुमटाबाहेर नेता जाहला.

मग काय विचारता! बाईसाहेब ऐशा निजल्या की, उल्का पडल्या, ग्रहण लागले, तरी कूस बदलली नाही. लेकीने आपला स्वेटर त्यांचे अंगावर घातला. खेळ संपोन दिवे लागले, द्वारपाल उठवावयास आला, तो लेकीने हळूच सांगितले, "आईची रात्रपाळी असते हो." त्या भल्या माणसाने क्षणभर पाहिले आणि जवळचा दिवा मालवोन निघोन गेला. येणेप्रमाणे पुढील खेळही त्याच खुर्चीत पार पडला.

बाहेर हिशोबराव डब्यांची पिशवी सांभाळीत बाकावर बसले होते. त्यांनी काय शिकलात म्हणोन जाब पुसला.

"फार छान दाखवतात हो," बाईसाहेब म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत येऊ. तुम्ही असेच बाहेर बसा."

ऐसी मोहीम फत्ते जाहली. बाईसाहेबांस आठवड्याची थकलेली झोप वसूल जाहली, हिशोबरावांची सूट शाबूत राहिली, आणि लेकीस बाबांवाचोन शनी दिसला, तो फारच सुंदर होता.