पाच लिटरच्या किटलीचा तपास

माझं निरीक्षण असं आहे, की ज्याने पस्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला, त्याला गुन्हेगार शोधायला वेगळं शिक्षण लागत नाही. पाटी कुणी फोडली, शाई कुणी सांडली, फळ्यावर माझं चित्र कुणी काढलं, हे मी नुसत्या चेहऱ्यांवरून ओळखत असे. तीनपैकी दोन वेळा चुकत असे, पण ओळखत असे. म्हणून १९७४ साली निवृत्त झाल्यावर मी, नाथाजी मास्तर, गावातला एकमेव खाजगी गुप्तहेर झालो. गुप्त हा शब्द महत्त्वाचा. माझ्या हुशारीचा गावात कुणालाही पत्ता लागलेला नव्हता.

पहिली अशील जाईबाई. वस्तीवरून रोज सकाळी पाच लिटरची किटली घेऊन ती गावात दूध घालायला येई. त्या काळी नगरपालिकेने दिलेला पितळी बिल्ला पदराला लावल्याशिवाय गावात दूध विकता येत नसे. जकात नाक्यावर अन्न निरीक्षक मानसिंगराव उभे असत आणि वाटेल त्या दिवशी, वाटेल त्याच्या दुधात लॅक्टोमीटर सोडत. लॅक्टोमीटर म्हणजे आकडे लिहिलेली काचेची नळी. दूध दाट असेल तर ती वर तरंगते, पाणी असेल तर खाली जाते. आकडा अठ्ठावीसच्या खाली गेला की ताकीद. तिसऱ्यांदा गेला की नमुना तीन बाटल्यांत भरून, लाखेने सील करून प्रयोगशाळेत, आणि बिल्ला जमा.

जाईबाईच्या दुधाचा आकडा सत्तावीस आला होता.

"मास्तर, म्हशीच्या पाठीवर हात ठिवून सांगती, मी पाणी घालत न्हाई," ती म्हणाली. "बिल्ला गेला तर वस्तीवर कोण दूध घील माझं?"

म्हैस नवी होती. जाईबाईचा नवरा आकाराम फौजेतून कायमचा घरी आला, त्याने सांगलीच्या बाजारातून आणली. अशी काळीभोर, की रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघत असे. मी वही काढली आणि तपास सुरू केला.

माझा पहिला तर्क, म्हैस पाणी फार पिते. मी तिच्या बादल्या मोजल्या. अकरा झाल्या. एक दुपार तिचं पाणी बंद ठेवायला सांगितलं. म्हशीने खुंटा उपटला आणि संध्याकाळपर्यंत नदीत बसून राहिली. तर्क मागे घेतला.

दुसरा तर्क, वैरी. जालिंदर गवळ्याचं गिऱ्हाईक जाईबाईने तोडलं होतं. मी तीन दिवस झाडांच्या आडून त्याचा पाठलाग केला. चौथ्या दिवशी तो सायकल थांबवून म्हणाला, "मास्तर, नाक्यापर्यंतच यायचं असंल तर मागं बसा की. रोज पळताय, दम लागतोय तुमास्नी." मी बसलो. सायकल चालवताना माणूस खोटं बोलू शकत नाही असा माझा अनुभव आहे. त्याला संशयातून मुक्त केलं.

तिसरा तर्क, यंत्रच खोटं. मानसिंगरावांनी शांतपणे ग्लासात पाणी घेऊन नळी सोडली. आकडा शून्य. मग म्हणाले, "मास्तर, या नळीला गावात कुणी पाव्हणं न्हाईत. ती कुणाची बाजू घेत न्हाई."

चौथ्या टप्प्यात मी स्वतः गोठ्यात, कडब्याच्या आड, पहाटेपासून बसलो आणि धार काढल्यापासून नाक्यापर्यंत किटलीची पाठ सोडली नाही. नेमकी त्याच दिवशी दुसरी तपासणी झाली. माझ्या डोळ्यांदेखत आकडा सव्वीसवर आला. यावरून मी निष्कर्ष काढला, की गुन्हेगार माझ्या तपासाला घाबरून बेभान झाला आहे.

जाईबाई नाक्यावरच खाली बसली. रडली नाही. पदराचा बिल्ला पुसत राहिली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

माझी बायको विजयमाला ताट वाढता वाढता माझी वही वाचत होती. ती सहसा वाचत नाही. अक्षर चांगलं असलं तरी मजकूर कळत नाही म्हणते. पण त्या दिवशी तिने एक पान मोठ्याने वाचलं.

"धार काढून झाली. सासू बनुबाईंनी दृष्टीसाठी ओंजळभर पाणी किटलीत सोडले. संशयास्पद काही नाही. बनुबाई आत गेल्या. जाईबाईने दृष्टीसाठी ओंजळभर पाणी सोडले. संशयास्पद काही नाही. जाईबाई चुंबळ आणायला गेली. आकारामने दृष्टीसाठी ओंजळभर सोडले. ओंजळ फौजी. संशयास्पद काही नाही."

मी म्हणालो, निव्वळ दूध उंबऱ्याबाहेर काढू नये, म्हशीला दृष्ट लागते, एवढं तर कुणालाही ठाऊक असतं. आणि दृष्टीचं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून ज्याने त्याने दुसऱ्याच्या पाठीमागे केलं. आपण थेंब टाकतो. पण म्हैस नावाजलेली, म्हणून ओंजळ. त्याला कुणी पाणी म्हणत नाही.

"नळी म्हणती," विजयमाला म्हणाली. "आणि हे खाली काय लिवलंय? वाटेत मी दुधाचे कौतुक केले. सबब पाण्याच्या पाटाकाठी किटली टेकवून मी स्वतः ओंजळभर…"

मी वही मागितली. तिने दिली नाही.

"पाच लिटर दुधात चार ओंजळी पाणी," ती म्हणाली. "आवं, पस्तीस वर्सं पोरास्नी हेच गणित घालत हुता न्हवं?"

घालत होतो. उत्तर पुस्तकाच्या मागे असायचं.

संध्याकाळी मी वस्तीवर जाऊन सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि पानं वाचून दाखवली. सासूने सुनेकडे बघितलं, सुनेने नवऱ्याकडे, नवऱ्याने माझ्याकडे. बनुबाई म्हणाल्या, "माझं घातलं म्हंजी झालं हुतं की. तुमी कशाला घातलंसा?" शेवटी ठरलं, की दृष्ट किटलीच्या बाहेरून काढायची. बनुबाईंनी किटलीच्या गळ्यात काळा दोरा बांधला, बुडाला काजळ लावलं.

तिसरी तपासणी सोमवारी झाली. बनुबाई, आकाराम आणि मी हात पाठीमागे बांधून उभे होतो. जाईबाईने बिल्ला मुठीत धरला होता. मानसिंगरावांनी नळी सोडली. ती हलली, थांबली. एकतीस.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वहीत आकडा लिहिला, सही केली, शिक्का मारला. मग म्हणाले, "पाच वर्सं नाक्यावर हाय, असलं दूध बघितलं न्हाई."

 एवढं कौतुक ऐकून बनुबाईंचा चेहरा उतरला.

मानसिंगराव थोडे घुटमळले. वही बंद करून पिशवीत ठेवली. इकडेतिकडे बघितलं. मग नळी धुवायच्या भांड्यात बोट बुडवून एक थेंब हळूच किटलीत सोडला.

"लय बोललो मी," ते जाईबाईला म्हणाले. "म्हशीला लागायची."

मी वही उघडली आणि वेळ टाकून लिहिलं, संशयास्पद काही नाही.