आमचं घर बाहेरून दिसत नाही

दर शुक्रवारी आमच्या कासार गल्लीची नवी आवृत्ती निघते, आणि या खेपेच्या आवृत्तीत आमचं घर बाहेरून दिसायचं बंद झालं.

आतून काही फरक नाही. दारातून गल्ली दिसते, नळ दिसतो, माझा आवाजसुद्धा बाहेर जातो. पण बाहेर उभं राहिलं की एका अंगाला मेडिकलचं दुकान, दुसऱ्या अंगाला तांबटांची भिंत, आणि दोन्ही एकमेकांना चिकटलेली. आमचे हे शनिवारी सकाळी दूध आणायला गेले, परत आले आणि मेडिकलच्या पायरीवर बसले. तिथंच होते. दूध कधीच नासलं.

गल्लीचं काम एका कंपनीकडं आहे. पोरं हुशार आहेत, पण बसत नाहीत. रोज सकाळी नळाजवळ गोल करून उभी राहतात आणि प्रत्येकानं सांगायचं असतं, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. त्या वेळी पाण्याला गेलेल्या बायकांनाही सांगावं लागतं. अडचण सांगितली की त्यांचा मुख्य पराग म्हणतो, "हे आपण नंतर बोलू." मग सगळे पांगतात.

मी दारातून ओरडले, "पराग, माझं घर कुठाय?"

"काकू, तुम्हीच मागितलं होतं." तो मेडिकलच्या पाटीकडं बघत बोलत होता. "'एक गृहिणी म्हणून मला दारात नको ती माणसं यायला नकोत, म्हणजे मला दुपारी पडता येईल.' तुमचीच मागणी ना?"

"नको ती म्हणाले होते मी. विमावाले, वर्गणीवाले."

"नको ती कुठली हे ठरवायला वेळ लागतो. पहिल्या टप्प्यात सगळीच घेतली. पुढं वेगळी करू. आवाज पण पुढच्याच टप्प्यात बंद होईल."

"आणि हे तपासलं कोणी?"

तपासणारी आमच्याच घरात होती. तिचं नाव स्नेहल, हुद्दा टेस्टर. नवीन काम नीट झालंय का ते बघायला कंपनीनं तिला शुक्रवारच्या आधीच आमच्या कॉटवर आणून बसवली होती. मांडीवर लॅपटॉप, बाजूला माझा चहा.

"माझ्याकडं तर दिसतंय," ती म्हणाली.

"तू आत बसलीयस, बये."

"हो, पण दिसतंय ना."

"बाहेर जाऊन बघ की."

"बाहेर जाऊन बघायचं मला कुणी सांगितलेलं नाही, काकू. आणि गेले तर परत कशी येऊ?"

तरी तिनं तिकीट टाकलं. तक्रारीला ते तिकीट म्हणतात. त्यावर 'किरकोळ' लिहिलं, कारण त्रास एकाच माणसाला होता, आमच्या ह्यांना, आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

दुपारी दार वाजत नव्हतं. मी पडत होते, उठत होते. कॉटपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते. कोणी येत नाही म्हटल्यावर झोप कसली लागतेय?

मंगळवारी सकाळी रेश्मा आली. माझी लेक, गडहिंग्लजला दिलेली. फोन नाही, निरोप नाही. खांद्याला बॅग आणि गालावर वळ. बरोबर आमच्या दारासमोर येऊन थांबली. मी उंबऱ्याच्या आत कणीक भरल्या हातानं उभी, ती बाहेर, मध्ये दोन हात अंतर. ती तांबटांची भिंत बघत होती. मग मेडिकल. मग परत भिंत. मग नळाकडं गेली, विचारायला. पोरांचा गोल तेव्हाच उभा होता.

"ताई, गोलात आलाच आहात तर सांगून टाका," पराग म्हणाला. "काल, आज, अडचण."

रेश्मानं बॅग खांद्यावरून उतरवली नाही. "काल नवऱ्यानं मारलं. आज आईकडं राहायला आले. अडचण म्हणजे आईचं घर नाही."

एका पोरानं ते टिपून घेतलं. पराग म्हणाला, "हे आपण नंतर बोलू."

"आत्ता बोल!" मी ओरडले.

रेश्मा धावत परत आली. "आई? कुठायस तू?"

"तुझ्या समोर आहे."

"मला भिंत दिसतीय गं."

तेवढ्यात जावई मोटारसायकल घेऊन हजर. किरण नाव. गाडी बंदसुद्धा केली नाही. "झालं? माहेरी जाते म्हणालीस ना? दाखव माहेर. कुठाय? चल, बस मागं."

आमचे हे पायरीवरून उठले. "जावईबापू, घर आहे. मी तिथंच राहतो."

"मग जा की आत."

हे परत बसले.

"पराग, आत्ताच्या आत्ता घर दाखव!"

"शुक्रवारशिवाय काही लावत नाही, काकू. मध्येच लावलं तर नळ जाईल."

"जाऊ दे नळ!"

"नळ नको बाई जायला," कळशीवाल्या बायका म्हणाल्या.

माझ्या मागून स्नेहल म्हणाली, "आता दोघांना त्रास आहे. 'मध्यम' करू का?"

किरणनं रेश्माचा दंड धरला. माझं डोकंच फिरलं. "हात लावून तर बघ, मुडद्या!" म्हणून मी मूठ दारातून त्याच्या तोंडापुढं नाचवली.

ती सगळ्यांना दिसली. मेडिकल आणि भिंत यांच्या मधून कोपरापर्यंत हात, कणकेनं माखलेला, हिरव्या बांगड्यांचा. किरण दचकून मागं सरला, त्याची गाडी कलंडली. पराग म्हणाला, "हात कुणाचा आहे? हे कामात नव्हतं."

रेश्मानं मनगटावरचा भाजल्याचा डाग ओळखला. बॅग टाकली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी ओढला. स्नेहलनं लॅपटॉप बाजूला ठेवून मला कमरेला धरून ओढलं. रेश्मा उंबऱ्यावरून आत येऊन पडली.

किरण भिंतीवर हात फिरवत राहिला. मग बुक्क्या मारल्या. भिंत पक्की आहे. काम चांगलं केलंय पोरांनी.

थोड्या वेळानं पराग भिंतीपुढं येऊन म्हणाला, "काकू, तुमचं तिकीट 'तातडीचं' केलंय. शुक्रवारी घर नक्की दिसेल."

रेश्मा ओट्याला टेकून चहा पीत होती. बाहेर किरण गाडी उभी करून पानपट्टीवर बसला होता, डोळे भिंतीवर.

"नको," मी म्हणाले. "तिकीट बंद कर."

"पण घर दिसत नाही, काकू."

"तेच मागितलं होतं."

स्नेहलनं विचारलं, "मग चूक म्हणून बंद करू, का मागणी म्हणून?"

"मागणी म्हणून. आवाज ठेवा म्हणावं."

शुक्रवारी नवी आवृत्ती निघाली. नळाला नवी तोटी आली. आमचं घर तसंच. ह्यांना मी हात धरून आत घेतलं, आधी रेश्माची बॅग, मग हे. किरण चार दिवस पानपट्टीवर होता, मग गेला. परत येतो अधूनमधून. भिंत बघून जातो.

आता घरातलं एक माणूस कायम दारात हात बाहेर काढून उभं असतं. पाळ्या लावल्यात. दुपारची स्नेहलची, म्हणजे मला पडता यावं म्हणून. पण मी पडत नाही.

आत्ता माझी पाळी आहे. उजवा हात बाहेर आहे, हे डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलंय. मगाशी बाहेर कोणीतरी माझी बोटं धरली. रेश्मा आत आहे, हे आत आहेत, स्नेहल कॉटवर आहे. हात बाईचा आहे, गार पडलाय, फुटकी बांगडी टोचतेय. कोण, कुठली, मी विचारलं नाही. पाय उंबऱ्याला लावलाय. आता पेन खाली ठेवते आणि ओढते.