पन्नासच्या खाली

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेणूमामांनी भट्टीचं दार उघडलं. आतलं तापमान तेव्हा चारशे ऐंशी अंश होतं.

मामा डोळे तपासायला कांद्याची गोणी घेऊन नामपूरहून आले होते आणि भाचीच्या सातपूरच्या शेडमध्ये टेकले होते. भाची मोहिनी काच फुंकून दिवे बनवते. फुंकलेली काच या भट्टीत तासन्‌तास हळूहळू निववावी लागते. एकदम वारा लागला तर तडकते. मामांचं आयुष्य कांद्याच्या चाळीत गेलं होतं. तिथं वारा लागला नाही तर माल जातो.

मोहिनीनं धावत येऊन दार लावलं. "मामा, काय केलंत हे?"

"जराशी हवा दिली. कोंडेल माल सडस, बेटा."

"तो कांदा आहे का?"

"दिसला तर तसाच. गोल, लाल."

आत एकच दिवा होता. आधीचे तीन फुटले होते. बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडल्यानंतरचं हे तिचं पहिलं मोठं काम. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलला असे तीस दिवे हवे होते. हॉटेलची सजावट करणारी वेदिका बुधवारी दहाला नमुना पाहणार होती. नमुना नसेल तर ती बाजारातले तयार दिवे घेणार होती.

दार लावताना दिवा अख्खा दिसला होता. पण तडा नंतरही जाऊ शकतो. मोहिनीनं भट्टी पुन्हा तापवली आणि पहिल्यापासून निववायला लावली.

"आकडा पन्नासच्या खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही. कोणीही."

"कोणीबी नाय," म्हणत मामांनी खुर्ची दारासमोर ओढली.

डोळ्यांची तपासणी त्यांनी पुढे ढकलली. खिडक्या लावल्या. दुपारी पंखा बंद केला. शेजारच्या टपरीवरून चहा घेऊन आलेल्या ललिताबाईंना शिंक येतेय असं दिसताच त्यांना शेडबाहेर काढलं.

"दार बंद आहे मामा. पंख्यानं काही होत नाही."

"सकाळी वाऱ्यापायी तूच बोंबलली ना?"

मामांनी मुक्काम शेडमध्येच केला.

बुधवारी वेदिका दहाच्या ठोक्याला आली. आकडा बावन्न होता. मोहिनीनं तिला पन्नासची अट सांगितली.

"दोनच अंश राहिलेत. उघडू या की!" वेदिका म्हणाली.

मोहिनीलाही ते पटलं. ती पुढे झाली. मामा खुर्चीवरून हलले नाहीत.

"पन्नास सांगितलं होतं."

"मामा, एवढ्यानं काही होत नाही."

"काल मलाबी असंच वाटलं."

"हे कोण?" वेदिकानं हळूच विचारलं.

"आमचे क्वालिटी कंट्रोल," मोहिनी म्हणाली.

दहा वाजून वीस मिनिटांनी आतून 'टक्' असा आवाज आला.

"भट्टीचा पत्रा असेल. निवताना वाजतो," मोहिनी म्हणाली. मामांनी पळायच्या तयारीनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि टोपी नीट केली.

दहा पंचवीसला आकडा एक्कावन्न होता. वेदिकानं फोन करून आपली दुसरीकडची भेट बारावर ढकलली होती आणि मामांनी तिला कांद्याच्या गोणीवर बसायला जागा करून दिली होती.