शेवटच्या बाकावरचे चौघे

मी पदवीधर झालो तो दत्तराम गुरुजींमुळे. माझ्याआधी आमच्या घरात कोणी सातवी ओलांडली नव्हती, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. गुरुजींची दुसरी ओळख अशी, की ते वर्गात नसलेल्या मुलांची हजेरी घेत.

वारंगा फाट्याजवळच्या आमच्या शाळेत त्यांनी एकदा एका पोराच्या दप्तरातलं भाड्याचं हिंदी कॉमिक्स जप्त केलं. पाच सुपरहिरोंची टोळी, सगळे चौदा-पंधरा वर्षांचे. पाषाणचं अंग दगडाचं. ओझल डोळ्यांदेखत नाहीशी होई. तूफानी वाऱ्यापुढे पळे, चिंगारीच्या बोटांतून आग निघे, आणि गूंजला शंभर कोसांवरची हाक ऐकू येई. गुरुजींनी ते उभ्याउभ्या वाचून काढलं आणि वैतागले.

"जग वाचवून राहिले, पर शाळंत कवा जातेत? ह्यांच्या आईला तरी ठाऊक हाय का, लेकरू कुठं उडून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी आमची एकेचाळीस नावं झाल्यावर त्यांनी दप्तरातून वेगळी वही काढली. "पाषाण." थांबले. दाराकडे पाहिलं. "गैरहजर." मग ओझल, तूफानी, चिंगारी. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

"गुरुजी, गूंज राहिला की," एक पोरगा म्हणाला.

"त्याचं नाव लागायचं हाय अजून."

आठवड्याभरात आमचं हसणं थांबलं. प्रत्येक नावानंतर ते इतके शांत उभे राहत, की आम्हालाही पायरीवर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटे. शेवटचा बाक त्यांनी रिकामा ठेवला होता. रोज सकाळी स्वतः पुसत. एक कुत्रं दारात येऊन त्या बाकाकडे टक लावून बघे आणि आत न येता परत जाई. चाचणीला तिथं चार पेपर ठेवले जात. कोरेच परत घेऊन गुरुजी त्यांवर 'गैरहजर' लिहीत.

"शून्य टाका की, गुरुजी."

"शून्य म्हंजे येत न्हाई. गैरहजर म्हंजे येणार हाय. फरक हाय, बाबा."

एकदा तपासणीला आलेले साहेब नेमके त्या बाकावर टेकले. "तकलीफ माफ, साहेब, तितं पोरं बसतेत," गुरुजी म्हणाले. साहेब चटकन उठले आणि वळून बाकाला "सॉरी" म्हणाले.

त्याच साली दिवाळीनंतर आमचं कुटुंब तांड्यावरच्या इतरांबरोबर ऊसतोडीला गेलं. मी सातवीत होतो. वडील म्हणाले, शाळा बास, आता कोयता धर. फडात मोळ्या बांधताना, ऊन वर आलं की, मला रोज भास व्हायचा. कोणीतरी मला बोलवत होतं, पण माझ्या नावानं नाही.

चैत्रात परतलो. शाळेची पुस्तकं तेवढी परत करायची होती. मी पोचलो तेव्हा हजेरी चालू होती, म्हणून खिडकीखाली थांबलो. माझं नाव आलंच नाही, ते कटलेलं होतं. मग दुसरी वही उघडली. पाषाण. ओझल. तूफानी. चिंगारी.

आणि मग, "गूंज."

गुरुजी थांबले. तेवढ्यात मला कळलं, ही नावं खरी कोणाची. मास्तरांच्या छडीला कधी न रडलेला मोतीराम. पाचवीतच लग्न लागून दिसेनाशी झालेली शेवंता. तांड्यावरून पळत येणारा रामजी आणि तापट कमळी. चौघंही माझ्याआधी तोडीला गेली होती आणि परत वर्गात आली नव्हती.

"हजर," मी म्हणालो.

आत किंकाळी फुटली. मी डोकावलो, तर सगळा वर्ग खिडकीकडे नाही, त्या रिकाम्या बाकाकडे बघत होता. गुरुजींनी मात्र मान वर न करता वहीत लिहिलं. "आत ये. उशीर झाला."

संध्याकाळी ते तांड्यावर आले. "गूंजला उद्यापासून धाडा. पुढल्या हंगामाला माझ्या घरी जेवंल."

"गूंज कोन?" वडील म्हणाले.

"तुमचंच लेकरू. कटलेलं नाव पुकारता येत न्हाई, म्हून दुसऱ्या नावानं सांभाळून ठिवलं."

वडिलांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "जेवाया लई लागतं त्याला."

पुढे मी त्यांना पाठवलेलं पत्र असं :

तीर्थरूप गुरुजींस, शिरसाष्टांग नमस्कार.

बी.ए.चा निकाल कळवलाच होता. आता मी कारखान्याजवळ, ऊसतोड्यांच्या कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत, लेकरांना शिकवतो. सव्वीस नावं आहेत. ती झाली की आपले चौघे घेतो. इथली वही माझी आहे, म्हणून खऱ्या नावानं घेतो. तुमच्याइतकाच थांबतो. पोरं दाराकडे बघून घाबरतात.

काल "शेवंता" म्हटलं आणि बाहेरून "जी" असा आवाज आला. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेतलेली एक बाई दारात उभी होती. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला नाही. "माझं नाव कोनी सांगितलं?" तिनं विचारलं. मी तुमचं नाव घेतलं. तिनं भारा खाली ठेवला, मागे लपलेल्या लेकीला पुढे केलं आणि म्हणाली, "हिला बसवा." स्वतः उंबरठ्याच्या आत आली नाही.

लेकीचं नाव सत्ताविसावं लिहिलं आहे. तुमच्या वहीत ओझलच्या नावापुढे काय मांडायचं ते, गुरुजी, तुम्ही ठरवा. ती दारात उभी होती, एवढं मी पाहिलं आहे.