किल्ली फिरवणारे आप्पा

आमच्या गल्लीत कुणी गाडी चालू ठेवून बोलत उभं राहिलं, की आप्पा जवळ जातात, हात पुढे करून गाडीची किल्ली फिरवतात आणि म्हणतात, "आता बोला." ओळख असो वा नसो. त्यात राग मुळीच नसतो. कुणाच्या सदऱ्यावर चिकटलेला दोरा काढावा, तसा तो हात असतो.

गल्लीला आता सवय झाली आहे. फजिती होते ती पाहुण्यांची. एकदा कोपऱ्यावरच्या लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी गर्दीत अडकून धूर सोडत उभी होती. आप्पांनी खिडकीतून हात घालून ती बंद केली. ती पुन्हा सुरूच होईना. शेवटी बँडवाल्यांनी आपली वाद्यं करवल्यांच्या हातात देऊन गाडी मांडवापर्यंत ढकलत नेली. आप्पा पहिल्या पंगतीला बसले आणि नवरीच्या वडिलांना म्हणाले, "आता कसा जिलेबीचा वास यायला लागलाय. मघाशी येत न्हवता."

विजेवरच्या स्कूटर आल्या तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. कॉलेजातल्या एका मुलीच्या गाडीची किल्ली फिरवायला ते वाकले, मग तसेच कान देऊन थांबले. "बंदच हाय व्हय? बरं, चालू द्या तुमचं," म्हणत मागे सरले.

आप्पा मूळचे मेढ्याकडचे. सैन्यात ट्रक चालवायचे. डोंगरात ताफा थांबला की इंजिन बंद करायचं, हा त्यांच्या उस्तादाचा नियम होता. "तवा दरी ऐकू येती, सर," असं ते मला सांगतात. मी ग्रंथालयात नोकरी केली. लोकांना हळू बोला म्हणण्यात माझं आयुष्य गेलं. आमचं जमायला एवढं पुरेसं होतं.

माझी पत्नी गेली त्या सकाळी शववाहिका दारात येऊन घरघरत उभी राहिली. त्या आवाजानं घरातली माणसं नकळत घाई करू लागली. आप्पा बाहेर जाऊन चालकाशी काहीतरी बोलले. इंजिन थांबलं. आत येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा वैनींपाशी. घाई न्हाई," एवढंच म्हणाले. मी बसलो. ते मला आजवर पुरलं आहे.

आप्पांची पत्नी फार पूर्वीच गेली. मुलगा संदीप याचं बाजारात मिक्सर, पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. महापुरात ते छतापर्यंत बुडालं. गाळ काढून झाल्यावर संदीपनं पुण्यात नोकरी धरली आणि आप्पा एकटे उरले. गेल्या वर्षी संदीपच्या एका मित्रानं बायपासजवळच्या आपल्या जागेवर पेट्रोल पंप काढायचं ठरवलं आणि त्याला भागीदारीत घेतलं. पंप झाला की संदीप बायको-मुलीला घेऊन सांगलीला परतणार होता. मुलीची छोटी सायकल तर त्यानं आधीच आणून ठेवली. आप्पांनी वरची खोली रंगवून घेतली. नातीचा हात पोचावा म्हणून दिव्याचं बटण खाली आणवलं.

त्याच सुमारास, शहरात यापुढे नवे पेट्रोल पंप नकोत, असा विषय निघाला. हवा तापते आहे, पाऊस बेभान झाला आहे. तेल जाळणं कमी करायचं तर निदान नवे पंप तरी थांबवा, असं काहींचं म्हणणं होतं. लोकांची मतं ऐकायला महापालिकेनं सभा ठेवली. आप्पा मलाही घेऊन गेले. मला वाटलं, नुसतं ऐकायचं आहे.

हळदीच्या एका व्यापाऱ्यानं मोठा बिनतोड मुद्दा काढला. गाड्या आहेत तेवढ्याच राहणार, पंप वाढले नाहीत तर रांगा लागणार, आणि रांगेत इंजिनं चालूच राहणार. मग धूर कमी झाला की वाढला? मागून कुणीतरी म्हणालं, "आप्पांना उभं करा की रांगेत, किल्ल्या फिरवायला." सभा हसली.

आप्पा उठले. "हुबा ऱ्हातो की. न्हाईतरी मला दुसरं काम काय हाय?" लोक पुन्हा हसले. हसू ओसरेपर्यंत ते थांबले.

"पंप एकदा बसला की जन्मभर हलत न्हाई. त्यो हाय तवर आपुन जाळतच ऱ्हायचं. बायपासला जो व्हायचाय, त्यात माझा पोरगा हाय. पुरानं त्यो पुण्याला गेला. पंप झाला तर परत यील, मला म्हाईत हाय. पर माझ्या नातीनं हितं यून पुना त्योच पूर बघायचा असंल, तर नको."

खाली बसताना त्यांना खुर्ची चाचपडावी लागली.

त्या दिवशी निर्णय काही झाला नाही. पण बापच विरोधात बोलला म्हटल्यावर मित्रानं संदीपला भागीदारीतून वगळलं.

पुढच्या रविवारी संदीप आला. जेवला. बापलेक फारसं बोलले नाहीत. निघताना त्यानं मुलीची सायकल डिकीत ठेवली आणि गाडी सुरू केली. मी माझ्या दारात उभा होतो. पुढे काय होणार, ते गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

पण आप्पा पायरीवरून हलले नाहीत. हात पाठीमागे बांधून, दुसरीकडेच बघत उभे राहिले. गाडी घरघरत होती. संदीप काच खाली करून त्यांच्याकडे बघत होता. जायचंच असतं तर तो केव्हाच गेला असता.

मग त्यानंच किल्ली फिरवली.

"आप्पा," तो म्हणाला, "आता बोला."

आप्पा सावकाश पायरी उतरले. खिडकीवर हात ठेवून आत वाकले.

"पोरगी जेवती का रं नीट?"

मी आत येऊन दार लोटून घेतलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.