मोरूचा हात

मोरू एका हातात पिशवी घेऊन चालताना मला कधीच दिसला नाही. बाजारातून येताना त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात आणि त्या सारख्या वजनाच्या असतात. एकीत बटाटे, कांदे, पीठ असलं की दुसरीत तेवढ्याच वजनाचा भोपळा. भोपळा तो खात नाही. तो फक्त डाव्या हाताची बरोबरी करायला विकत घेतला जातो, गल्लीगल्लीतून मिरवत आणला जातो आणि शेवटी आमच्याकडे पोचतो, कारण रामघाटाजवळच्या ज्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, त्याच घरात खाली मोरू राहतो. त्यामुळे आमच्याकडे वर्षानुवर्षं भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत आणि भोपळ्याचे घारगे चालू आहेत. "तुमच्या मित्राला एकदा फणस तोलायला सांगा," असं आमची ही दर उन्हाळ्यात म्हणते.

नाव मोरेश्वर. इथल्याच वेदपाठशाळेत शिकवणाऱ्या एका वैदिकांचा, अण्णांचा, हा एकुलता मुलगा. जन्म बनारसचा, मराठी घरातली, त्यामुळे "नाना, तुम्ही परेशान नका होऊ, मी देखतो" अशी. मी बँकेच्या बदलीवर इथे आलो आणि निवृत्त झाल्यावर परत गेलोच नाही. मोरू माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं की म्हणायचा, दुसऱ्या बाजूला कोण उभं राहणार हे आधी तोलता येत नाही.

पोटासाठी तो लग्नामुंजींचं व्हिडिओ शूटिंग करायचा. पण त्याचा जीव होता एका यंत्रात, आणि ते आधी नीट सांगायला हवं. अंगात एक पट्ट्यांचं जाड जाकीट. जाकिटातून पुढे आलेला स्प्रिंगचा हात. त्या हातावर टांगलेला एक उभा दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला छोट्या टीव्हीसारखी स्क्रीन. हे घालून माणूस धावला, जिना उतरला, तरी चित्र पाण्यावरून सरकल्यासारखं येतं. अट एकच. सगळ्याचा तोल जमला पाहिजे. मोरूने ते यंत्र कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून जुनंच आणलं होतं. गल्लीतले लोक त्याला 'मोरू का डंडा' म्हणत.

एकदा एका लग्नात नवऱ्यामुलाचे मामा त्याला म्हणाले, खालची स्क्रीन काढून टाका, उगाच वजन कशाला वागवता. मोरूने हातातली जिलेबी खाली ठेवली. "मामा, ही स्क्रीन देखायला नाही, तोलायला आहे. दिसतं ते बोनस." मग वऱ्हाड खोळंबून राहिलं आणि मोरूने त्यांना समजावलं, की वर कॅमेरा असतो म्हणून खाली स्क्रीन आणि बॅटरी, आणि खालची बाजू वरच्यापेक्षा किंचित जड हवी, नाहीतर दांडा कोलांटी मारतो. मामांना काही कळलं नसावं, पण पुढे त्यांनी स्क्रीनचं नाव काढलं नाही.

ही तोलाची तपासणी रोज सकाळी व्हायची, काम असो नसो. यंत्र स्टँडवर लावायचं, दांडा आडवा करायचा आणि सोडून द्यायचा. सोडताना मोरू मोठ्याने म्हणायचा, "नमः पार्वतीपते." दांडा सावकाश उभा होऊ लागायचा, आणि "हर हर महादेव" संपताना त्याने सरळ उभं राहायला हवं. आधीच उभा राहिला तर खाली फार जड. महादेव संपले तरी लोळतच असला तर फार हलका. मग स्क्रीन तसूभर वर, तसूभर खाली, पुन्हा पार्वतीपते. खालून रोज दहा-दहा वेळा गजर ऐकून आमच्याकडे आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं, खाली कोणी फार मोठे साधक राहतात. त्यांनी दर्शनाची इच्छा दाखवली. आमच्या हीने त्यांना खाली नेलंही.

स्क्रीन कमरेच्या खाली, त्यामुळे मोरूची नजर कायम तिरपी जमिनीकडे. यंत्र अंगावर नसलं तरी तशीच. माणसं तो चेहऱ्याने ओळखत नाही, चपलांनी ओळखतो. मी नवी चप्पल घेतली तेव्हा आठवडाभर मला "नमस्कार" म्हणायचा, "नाना" म्हणायचा नाही. गल्लीत समोर बैल आला की दोघंही मान खाली घालून उभे राहतात आणि बहुधा बैल वाट देतो.

माणसांबद्दलही त्याची मतं त्याच भाषेत. गर्विष्ठ माणूस 'वर जड'. भला माणूस 'खाली जड'. पंगतीत आपल्याकडे आधी वरणभात वाढतात याचं त्याला फार कौतुक. जड पदार्थ आधी तळाला गेला की माणूस जेवून उठताना डगमगत नाही, आपले पूर्वज समजदार होते, असं तो म्हणतो. मी खाली जड आहे की वर, असं मी एकदा विचारलं होतं. माझ्या चपलांकडे बघत तो म्हणाला, "तुम्ही ठीक आहात नाना. बस, कधी कधी कोणी हलवलं तर."

इथवर सगळं हसण्यासारखं आहे आणि मी आयुष्यभर हसलोच. पण मोरूबद्दल आमच्या गल्लीत एक गोष्ट सांगतात ती हसण्यासारखी नाही. त्याचा हात कापतो, म्हणून त्याचं काम सुटलं, असं सांगतात. ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बरीच वर्षं झाली, नवरात्रात मुंबईची एक सिनेमाची मंडळी आली होती. नायिका गल्लीतून निघते, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरते आणि नावेत बसते, असं सलग, मध्ये कुठेही न तोडता घ्यायचं होतं. त्यांच्याकडचा यंत्र चालवणारा माणूस सकाळच्या कचोरीने आडवा झाला. कोणीतरी मोरूचं नाव सांगितलं. काम दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या पहाटे करायचं ठरलं. मोरू वर आला तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढत. आजवर त्याने त्या यंत्राने लोकांना जेवताना आणि अक्षता टाकतानाच टिपलं होतं. "नाना, पंचगंगेची उतराई," तो म्हणाला, "उलट्या पावली. मी स्वप्नात किती वेळा उतरलोय." मग त्याने आमच्या फ्रीजवरचा भोपळा उचलून पुन्हा ठेवला.

तो दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं पुजतात. पाटाजवळ विळी, मिक्सर, शिलाई मशीन मांडून झालं होतं. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, अरे मग तुझं यंत्रही आण, उद्या एवढं काम आहे. तो दारातच थांबला. म्हणाला, "खरंच आणू?" मला वाटलं, जिने चढवायचा कंटाळा. मी म्हटलं, आण रे. त्याने ते स्टँडसकट वर आणून ठेवलं आणि मुंबईच्या लोकांबरोबर घाट बघायला गेला.

पूजेला बसलो तर स्क्रीनचं तोंड दक्षिणेला. दक्षिणेकडे तोंड करून देव बसवत नाहीत, तर हत्यार तरी कसं पुजायचं? सगळं यंत्र फिरवावं तर स्टँडचे पाय पाट आणि समई यांच्यात अडकलेले. मला स्क्रीनच्या मागे एक कळ दिसली. ती सैल केली, स्क्रीन पूर्वेकडे वळवली आणि हळदकुंकू लावलं. मला मंत्र फारसे येत नाहीत, त्यामुळे अक्षता मी भरपूर टाकतो. त्या दिवशी जरा जास्तच टाकल्या. मग स्क्रीन अंदाजाने परत फिरवून कळ पिळली. ही म्हणाली, त्याला विचारून हात लावायचा होतात. मी म्हटलं, बँकेत तिजोऱ्या सांभाळल्यात मी.

दसऱ्याच्या पहाटे सगळी गल्ली बघायला गेली. मोरू नायिकेच्या समोर, तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावली पायऱ्या उतरत होता. नजर स्क्रीनवर, पाय आपोआप दगड शोधत होते. त्याच्या पायांचा आवाजही येत नव्हता. मी त्याला इतकी वर्षं बघत होतो, पण तो सुंदर दिसतो हे मला त्या दिवशी कळलं. अर्ध्यावर आला आणि स्क्रीन एकदम मानेतून मोडल्यासारखी खाली लोंबली. दांडा फिरला, कॅमेरा आडवा झाला, मोरूने तो छातीशी कवटाळला आणि पायरीवर बसला. कॅमेरा वाचला, पण ते चित्रण कामातून गेलं.

सगळे धावले. मोरूने आधी स्क्रीनची कळ बघितली. तिच्या खोबणीतून त्याने बोटाने काहीतरी काढलं. मी जवळच उभा होतो. लाल चुरा होता, आणि त्यात एक अख्खा दाणा. मोरूने मान वर केली, आणि त्याने माझ्या चपलांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांचा दिग्दर्शक विचारत होता, क्या हुआ भाई, क्या हुआ. मोरू म्हणाला, "हाथ काँप गया, साहब."

मी काही बोललो नाही. तिथे लाजेने बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता उशीर झाला. पुढे तर विषयच निघेना. दोन दिवसांत त्यांचा माणूस बरा झाला आणि त्याने ते काम केलं. बनारसमध्ये बातमी गल्लीतून गल्लीत चालत जाते, तशी ही गेली. हात कापणाऱ्याला लग्नाला कोण बोलावणार? मोरूने यंत्र जुन्या चादरीत गुंडाळलं, सकाळचा गजर बंद झाला, आणि तो एका फोटोच्या दुकानात पासपोर्टचे फोटो पाकिटांत भरायला बसू लागला. माझ्यासमोर त्याचा हात कापताना दिसायचा. मी मनाशी म्हणायचो, बघ, खरंच कापतो की. तेवढ्यावर मला झोप लागायची.

मागच्या थंडीत एका दुपारी पेपर द्यायला खाली गेलो. दार उघडं होतं. मोरू पाठमोरा, वितळवलेलं खोबरेल तेल वाटीतून बाटलीत ओतत होता. बाटलीचं तोंड बोटभरही रुंद नव्हतं, आणि नरसाळं नव्हतं. तेलाची धार दोऱ्यासारखी सरळ पडत होती. ती संपेपर्यंत मी उभा राहिलो असतो, पण पेपर वाजला. मोरूने वळून बघितलं, मग त्याचा हात कापू लागला, आणि मग तेल फरशीवर सांडलं. अगदी याच क्रमाने.

"मोरू, पुरे," मी म्हणालो.

"काय पुरे, नाना?"

"हात."

त्याने वाटी खाली ठेवली. फरशी पुसायला लागला. मी त्याच्याजवळ खाली बसलो, गुडघ्यांनी परवानगी दिली तसा, आणि इतक्या वर्षांचं सगळं बोलून टाकलं. पूर्व, दक्षिण, कळ, अक्षता. तो पुसतच राहिला.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "सकाळी मी कळ पिळून देखली होती. घट्ट लागली. तांदळावर घट्ट लागली. पायऱ्यांच्या झटक्यांनी दाणे चुरले."

"मग बोलला का नाहीस? मला शिव्या द्यायच्या होत्यास."

त्याने तेलाने भिजलेला फडका उलटा केला. मग म्हणाला, "अण्णा दर खंडेनवमीला पोथ्या पुजायचे. आईची विळी पुजायचे. शेजारच्या नाविकाचं वल्हंसुद्धा घरी आणून पुजायचे. मी माझा कॅमेरा पाटाच्या कडेला ठेवायचो. ते त्याला ओलांडून पुढच्या वस्तूला फूल वाहायचे. ते गेले तोवर दर साल." त्याने फडका पिळला. "माझ्या यंत्राला पहिल्यांदा कुंकू तुम्ही लावलंत. त्याच कुंकवाने काम बिघडलं, हे मी चार लोकांत कसं बोलू?"

मी म्हटलं, आता मी बोलणार. तो नको म्हणाला. मी हट्ट धरला. शेवटी तोडगा त्यानेच काढला. चहाच्या टपरीवर फक्त कळ सैल केल्याचं सांगायचं, पूजेचं नाव काढायचं नाही. "बाकीचं मराठीत लिहा हवं तर," तो म्हणाला. "इथे मराठी कोण वाचतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर नेहमीची मंडळी होती. पप्पू चहावाला मोरूसाठी मातीचा कुल्हड अर्धाच भरत होता. सांडू नये म्हणून तो बरीच वर्षं तसाच भरायचा, आणि पैसेही अर्धेच घ्यायचा. मी म्हटलं, पूरा भरो. मग उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत सांगितलं, की त्या दसऱ्याला मोरूच्या यंत्राची कळ मी न विचारता फिरवली होती, नीट लावली नव्हती, आणि मोरूचा हात त्या दिवशी कापला नव्हता, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

मग बाकावरचे एक पंडितजी म्हणाले, "तो गुरू, इतने साल से हम सबके सामने नौटंकी?" दोघंतिघं हसले. पप्पूने काठोकाठ भरलेला कुल्हड पुढे केला. मोरूने तो एका हाताने घेतला. चहा हिंदकळून त्याच्या बोटांवर आला, मनगटावर आला. त्याने दुसरा हात लावला, तरी थांबेना. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की या वेळी तो मुद्दाम काही करत नव्हता.