नानांच्या गोठ्याचं अर्थिंग

आमच्या पारनेरकडच्या गावात उन्हाळ्यात टँकर आला की पहिली कळशी कुणी देवापुढं ठेवतं, कुणी रांजणात ओततं. आमचे शेजारी नाना ती गोठ्यामागच्या खड्ड्यात रिकामी करतात. खड्ड्यात मीठ, कोळसा आणि मधोमध उभा लोखंडी पाईप. हे गोठ्याचं अर्थिंग. आणि गोठ्यात म्हणाल तर एक शेळीसुद्धा नाही.

"नाना, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही मातीला पाजता," मी म्हणायचे.

"माती कोरडी पडली की करंट जायचा कुठं, सूनबाई? मग तो माणसातून जातो."

माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात सगळे मुलगी बघत होते आणि नाना मांडवाच्या खांबाला टेस्टर लावत होते. "लोखंडाला लोखंड जोडा आणि तार मातीत न्या," हे त्यांचं पालुपद. गोठ्यात लाईट घरातून नेली तरी अर्थिंग गोठ्याचं स्वतःचं हवं. मधली तार तुटली म्हणजे? हे आता मी झोपेतही सांगेन. काकू दुखण्यानं गेल्या, मुलगा तिकडं पुण्यात. एकट्या माणसाला काहीतरी खूळ लागतंच, असं आम्ही म्हणायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

यंदा वावटळीनं आमच्या गोठ्याचे पत्रे उडाले. म्हैस नुकतीच व्यालेली, ऊन हे असं. मी नानांचा गोठा मागितला.

"आधी अर्थिंग बघतो," नाना म्हणाले.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. म्हैस चिंचेखाली धापा टाकतेय आणि हे आपले खड्ड्याला पाणी पाजतायत. शेवटी माझं डोकं फिरलं. "द्यायचा नसेल तर सरळ नाही म्हणा की," मी फाडकन बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नानांनी मला गोठ्यात बोलावलं. कडबाकुट्टीचं मशीन चालू केलं, अनवाणी उभं राहून गव्हाणीचा लोखंडी पाईप आधी स्वतः धरला. मग म्हणाले, "चपला काढ. हात ओला कर. आता तू धर."

मी मनातल्या मनात बडबडत धरला.

"मुंग्या येत्यात का?"

"नाही."

"नीट धर."

"नाही येत, नाना."

त्यांनी मशीन बंद केलं आणि गव्हाणीच्या कडेला बसले.

"तुझी काकू रोज सांगायची, धारेला बसलं की हाताला मुंग्या येत्यात. म्हशीलाबी येत असत्याल, म्हणून पान्हा चोरती. मी म्हणायचो, तुला धार काढायचा कटाळा. ती गेल्यावर मी बसलो धारेला, अनवाणी. बसलो तसा उठलो. खरंच यायच्या गं."

म्हैस त्यांनी तेव्हाच विकली होती, एवढं आम्हाला माहीत होतं. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

"आन म्हैस," ते म्हणाले. मी चपला घालून निघाले, तर मागून हाक आली.

"सूनबाई, येकदा परत सांग. आता न्हाई ना येत मुंग्या?"

"नाही येत, नाना."

"जरा मोठ्यानं म्हण."

ते माझ्याकडे बघत नव्हते. काकू धारेची चरवी घेऊन बसायच्या, त्या कोपऱ्याकडे बघत होते. मी मोठ्यानं म्हटलं.